प्राचार्यांचं आवाळू

माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला एक आवाळू आहे. लिंबाएवढं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाकडे काही मागत नाही. डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितलं होतं की ही चरबीची निरुपद्रवी गाठ आहे, राहू द्या. ते राहिलं. मी मात्र त्याच्यापायी जन्मभर कापडी टोपी घातली, ग्रंथालयातल्या नोकरीत पाठ भिंतीला लागेल अशीच खुर्ची पकडून बसलो आणि केस कापायला गेलो की न्हाव्याची आधी मनातल्या मनात क्षमा मागितली. हे सगळं मी आपण होऊन कधी कुणाला सांगितलं नसतं. पण मध्यंतरी माझ्या घरी दुसरं एक आवाळू राहायला आलं. ते इतकं नामांकित होतं की त्याला बघायला लोक तिकीट काढून येतात. त्यानंतर माझ्या आवाळवाचाही बोभाटा झालाच. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

ते आवाळू आणलं माझ्या मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा बराच लहान, पण मी मनातल्या मनात त्याला अहोजाहो करतो, कारण त्याला प्रत्येक विषयात खात्री असते. मला वाचून वाचून कशातच खात्री उरलेली नाही. तो हौशी मत्स्यपालक मंडळाचा चिटणीस आहे. एका रविवारी सकाळी तो काचेची टाकी, पाण्यात हवा सोडणारा पंप, रबरी नळ्या आणि पाण्याने फुगलेली एक पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"भाऊजी, घरात भिंती खरवडायचं काम काढलंय. धूळ माशांना मानवत नाही. बाकीचे मंडळात ठेवलेत, पण हा तुमच्याकडे ठेवतो. प्रदर्शनापर्यंत. काही करायचं नाही, फक्त दाणे टाकायचे."

'फक्त' या शब्दाने सुरू झालेलं एकही काम माझ्या आयुष्यात फक्त तेवढंच राहिलेलं नाही. 'फक्त सही करा' म्हणून मी एकदा एका सहकारी संस्थेचा खजिनदार झालो होतो. पण नाही म्हणायला जी एक उभं राहण्याची पद्धत लागते, ती मला येत नाही. मी म्हणालो, "हो, चालेल की."

मासा टाकीत सोडला आणि मी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो असं बायको म्हणते. तिचं खरं असावं.

सोनमासा मी चित्रात पाहिला होता. हा त्या चित्रांतला नव्हताच. संत्र्यासारखा गोल आणि संत्र्याच्याच रंगाचा देह, मागे ओल्या रेशमासारखी चार पदरी शेपटी, आणि डोक्यावर... डोक्यावर आवाळू. साधं नाही. लालभडक फुलकोबीचा गड्डाच जणू कुणी कपाळावर आणून बसवला होता. गालांवरही त्याचेच बारीक बारीक फुगवटे. त्या सगळ्यातून एक गंभीर, जरासं रागावलेलं तोंड बाहेर डोकावत होतं, आणि ते तोंड मी ओळखलं. ज्यांच्या खोलीत जाताना माझे तळहात घामेजत, त्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं ते तोंड होतं. तेच ओठ, तोच 'काय काम आहे?' असा भाव. तेव्हापासून माशाचं नाव प्राचार्य पडलं आणि त्यांच्याविषयी एकेरीत बोलायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही.

"हे डोक्यावरचं काय झालंय त्यांना?" मी मेहुण्याला विचारलं.

"झालंय?" तो दुखावला. "भाऊजी, ते आणलंय! पिढ्यान्पिढ्या जोड्या निवडून निवडून आणलंय. आवाळूच आहे ते, तुमच्या..." इथे बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "...तुमच्या शब्दकोशात तोच शब्द असेल बघा. जेवढं मोठं, भरीव आणि दोन्हीकडे सारखं, तेवढा मासा भारी. असं आवाळू अख्ख्या मंडळात नाही. यंदा पहिला नंबर आपला. आजवर दुसऱ्यावरच अडकलोय. आणि नंतर याची पिल्लं, ती तर लोकांनी आत्ताच सांगून ठेवलीत."

मी टोपी जरा खाली ओढून घेतली. एकाच घरात दोन आवाळवं. एकाच्या पिल्लांना आगाऊ मागणी, आणि दुसऱ्याच्या मालकाला न्हाव्याची भीती! पण मत्सर वाटला असं म्हणता येणार नाही. कौतुकच वाटलं. ज्या गोष्टीची मी जन्मभर लाज धरली, तीच डोक्यावर घेऊन हा प्राणी इतक्या ऐटीत वावरत होता की वाटलं, मला हे आधी कुणी दाखवलं असतं तर कदाचित मीही वळून उभा राहिलो असतो.

मेहुणा दर रविवारी येऊन आवाळू न्याहाळी आणि खूश होऊन जाई. ते वाढत होतं. फुलकोबी फुलत होती. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी टाकलेला दाणा प्राचार्यांच्या नाकासमोरून तरंगत खाली जातोय आणि प्राचार्य ढिम्म आहेत.

आधी वाटलं, रागावले असतील. मोठ्या माणसांच्या न जेवण्याला कारणं असतात. मग ते काचेवर आपटले. वळले आणि पंपाच्या नळीवर आपटले. मी भिंग घेऊन टाकीला नाक लावलं. आवाळू कपाळावरून उतरून दोन्ही डोळ्यांवर आलं होतं. आत कुठेतरी, पापणी न मिटता, काळे मणी बसलेले असणार. पण लाल गाद्यांखाली ते पार बुडाले होते.

मी बायकोला हाक मारली. "अगं, प्राचार्यांना दिसत नाहीये."

"तुम्हाला दिसतंय का नीट?" ती म्हणाली. पण आली, वाकली, बराच वेळ पाहिलं. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि पदराने काच पुसली, जणू त्याने काही फरक पडणार होता.

ही बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे. आमच्या जिन्यात बातम्या पायांनी चढतात. समोरचे विमावाले, म्हणजे आयुष्यभर लोकांचे विमे उतरवून निवृत्त झालेले शेजारी, चहाच्या वेळेला अचूक आले. "आंधळा मासा? सोपं आहे. टाकीत एक डोळस मासा सोडा. तो याला रस्ता दाखवील." वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "गाजर किसून घाला. डोळ्यांना गाजरासारखं दुसरं काही नाही." मी शंका काढली की डोळे शाबूत आहेत, फक्त झाकले गेले आहेत. "मग आवाळवाला गाजर लावा," त्या म्हणाल्या. विमावाल्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मेहुण्याच्या मालाला काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे बोलून घेतलंय का?" त्यानंतर मला दुपारची झोप लागेनाशी झाली.

उपाशी तर ठेवता येईना. मी माझ्या परीने विचार केला. ग्रंथालयात मी कधी कुणावर ओरडलो नाही. कुजबुज वाढली की पेन्सिलीचं टोक टेबलावर वाजवायचो, टक टक, आणि पोरं गप्प व्हायची. माझं सगळं प्रशासन त्या दोन ठोक्यांवर चाललं. तेव्हा मी स्वयंपाकघरातून चमचा आणला, टाकीच्या उजव्या कोपऱ्यावर वाजवला, टक टक, आणि त्याच कोपऱ्यात दाणा सोडला. प्राचार्य हलले नाहीत. पुन्हा. पुन्हा. ताटावर बसलेल्या बायकोने विचारलं, "आमटी गार झाली, तुमचं भजन संपतंय का?"

पण प्राचार्य ते प्राचार्य. काही दिवसांतच चमचा वाजला की ते जिथे असतील तिथे थबकत, देह सावकाश वळवत आणि पडदा बाजूला सारून रंगमंचावर यावं तसे शेपटी पसरून उजव्या कोपऱ्यात येऊन तोंड उघडत. दाणा तोंडात पडे. एकदाही चुकत नसत. जगात इतकी ज्ञानी माणसं मी पाहिली, पण दिसत नसताना इतक्या डौलाने विश्वास टाकणारं कुणी पाहिलं नाही. मी त्यांना नमस्कार केला. बायको बघत नव्हती.

तरी मनाला टोचणी होतीच. शेवटी बायकोनेच निर्णय घेतला, "जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या."

प्राचार्यांना झाकणाच्या बादलीत घालून आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. फाटकावर पाटी होती : 'पट्ट्याशिवाय प्राणी आत आणू नये.' पहारेकऱ्याने बादलीत पाहिलं.

"पट्टा?"

"मासा आहे हो," मी म्हणालो.

"मासा प्राणी आहे की नाही?"

आयुष्यभर पुस्तकांचं वर्गीकरण केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. "आहे," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"मग पट्टा."

तर्क बिनतोड होता. मी घरी परत जाण्याच्या विचारात होतो, एवढ्यात बायकोने कापडी पिशवीची नाडी ओढून काढली, बादलीच्या कडीला बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "आता कसं," पहारेकरी म्हणाला आणि बाजूला झाला. मी पट्ट्याला धरून बादली आत नेली. एक बकरी माझ्याकडे बघत होती.

खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "नाव?"

"प्राचार्य."

"तुमचं नाही हो साहेब, पेशंटचं."

"पेशंटचंच."

त्याने लिहून घेतलं. काही वेळाने आतून शिपायाने खणखणीत आवाजात "प्राचार्य!" असा पुकारा केला. माझ्या अंगात एवढ्या वर्षांची सवय मुरलेली. मी बादली तिथेच विसरून एकटाच उठून आत गेलो आणि हात जोडून उभा राहिलो. मागून बायको बादली घेऊन आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण झाकण काढल्याबरोबर त्यांचे डोळे मोठे झाले. "काय सुंदर आहेत हो हे!" दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या वाकल्या. मीही वाकलो आणि माझी टोपी बादलीत पडली.

"हे आवाळू कधीपासून आहे?" त्यांनी बादलीत बघत विचारलं.

"कॉलेजात होतो तेव्हापासून," मी मागे हात लपवत म्हणालो.

त्यांनी चमकून आधी माशाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बायकोने टोपी पिळून माझ्या डोक्यावर बसवली आणि प्राचार्यांची खरी हकीगत सांगितली.

"याला दुखत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही नुसती वाढ आहे. पण दुखत नाही म्हणजे बरं चाललंय असं नाही. डोळ्यांवरचा भाग बारीक कात्रीने छाटता येतो. बाकी आवाळू राहील. वाढलं तर पुन्हा छाटावं लागेल. मालक तुम्हीच ना?"

"मेहुणा," मी म्हणालो.

"मग त्यांना विचारा. अशा माशाचं आवाळू छाटलं की तो स्पर्धेतून बाद होतो. मालक लोक चिडतात." मग बादलीवर झाकण ठेवत म्हणाल्या, "विचारा मात्र नक्की."

मी रविवारपर्यंत भाषणाची तयारी केली. प्रस्तावना, विषयप्रवेश, दोन उदाहरणं आणि समारोप. मेहुणा आला. मी प्रस्तावनेतच अडखळलो. बायकोनेच सरळ सांगितलं, "अरे, यांना दिसत नाही. डोळे झाकलेत पार."

"दिसत नाही? काहीतरीच काय, ताई!"

"अरे, खरंच..." असं म्हणता म्हणता बायकोच्या लक्षात आलं की प्राचार्यांच्या जेवणाची वेळ झालीय. तिने सवयीने चमचा उचलला, टक टक वाजवला, दाणा सोडला. प्राचार्य टाकीच्या पलीकडच्या टोकाहून बाणासारखे आले आणि दाणा टिपला.

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, चष्मा बदला."

मी बोलायला हवं होतं. हे शिकवलेलं आहे, हे ऐकणं आहे, पाहणं नव्हे. एवढंच वाक्य. पण त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ते वाक्य राहिलंच, आणि जे बाहेर आलं ते भलतंच होतं. "पण समजा," मी म्हणालो, "समजा दिसत नसेल, तर असं घडवणं बरोबर आहे का?"

तो गंभीर झाला. माशांबद्दल कुणी गंभीरपणे विचारलं की तो नेहमीच चांगलं बोलतो. "भाऊजी, हा नदीत सोडला तर संध्याकाळही बघणार नाही, कबूल. पण नदीतल्याला बगळा खातो. हा राजासारखा राहतो."

"राजाला दिसायला नको?"

"राजाला दिसून करायचंय काय? बघायला चाकर असतात."

"म्हणजे आम्ही," बायको म्हणाली.

तो हसला, मग खुर्चीत पुढे सरकला. "ताई, चेष्टा नाही. लोक आम्हाला क्रूर म्हणतात ते मला लागतं. म्हणून यंदा मंडळात नवा नियम मी आणला. परीक्षकांनी प्रत्येक टाकीत एक दाणा टाकायचा. माशाने तो शोधून खाल्ला पाहिजे. नाही खाल्ला तर बाद, मग आवाळू कितीही मोठं असो. जो मासा स्वतःचं जेवण शोधू शकत नाही, त्याची पिल्लं काढायची नाहीत. काहीजण भांडले माझ्याशी, पण मी हटलो नाही."

मला त्याच्याबद्दल एकदम फार आदर वाटला. हा माणूस सचोटीने नियम करतो आणि माझ्या चमच्यामुळे स्वतःच तो मोडणार! मी दयेपोटी एका माशाला शिकवलं आणि त्यातून एका सज्जन माणसाच्या हातून फसवणूक घडणार होती. वर आंधळ्या माशांची एक अख्खी पिढी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि फुफाटा माझाच होता.

"प्रदर्शनाला तुम्ही चला," जाताना तो म्हणाला. "तुमच्या आवाजाला सरावलाय तो. तुम्ही जवळ असलात की खुलतो."

प्रदर्शनाच्या सकाळी मी चमचा खिशात घातला. का घातला ते मला त्या वेळीही सांगता आलं नसतं.

सभागृहात रांगांनी टाक्या मांडलेल्या होत्या, आणि इथे मला खोटं बोलवत नाही : मी भारावून गेलो. काळ्या मखमलीचा मासा, ज्याचे डोळे दुर्बिणीसारखे पुढे आलेले. नाकपुड्यांवर लोकरीचे गोंडे मिरवणारा एक. मोत्यांची माळ अंगभर ओवल्यासारखे खवले असलेला एक. आणि एक असा, ज्याच्या दोन्ही डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशव्या होत्या. पोहताना त्या दिव्यांसारख्या हलत. त्याच्यासमोर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. त्याची नजर सतत वर लागलेली, कारण खाली बघायची सोयच त्याला ठेवलेली नव्हती. कुणीतरी अपार मायेने, अपार कसबाने आणि अपार हट्टाने हे घडवलं होतं. मला टाळ्याही वाजवाव्याशा वाटल्या आणि त्या माशाची माफीही मागावीशी वाटली. दोन्ही करता आलं नाही. मी टोपी सारखी केली.

विमावाले आमच्याबरोबर आले होते. ते प्रत्येक मालकाला विचारत होते, "याचा विमा उतरवलाय?"

परीक्षक एक उंच, वाळके, अतिशय शांत गृहस्थ होते. प्राचार्यांपाशी ते थांबले तेव्हा आपोआप गर्दी जमली. असं आवाळू तिथे खरोखरच दुसरं नव्हतं. परीक्षक समोरून बघत, बाजूने बघत, गुडघ्यावर बसून बघत होते. मान डोलावत होते. मेहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याचं स्वप्न बोटभर अंतरावर होतं.

मग परीक्षकांनी डाव्या कोपऱ्यात एक दाणा सोडला.

प्राचार्य मध्यभागी होते. तिथेच राहिले. दाणा हळूहळू बुडाला. गर्दीत कुणी खोकलं. परीक्षकांनी थोडं थांबून त्याच कोपऱ्यात दुसरा दाणा टाकला. प्राचार्यांची शेपटी एकदा उलगडली आणि मिटली, बस्स.

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याने गर्दीत मला शोधलं. "साहेब, जागा नवी आहे म्हणून बुजलाय तो. एक मिनिट. भाऊजी, जरा पुढे या ना! हे याच्या सवयीचे आहेत, साहेब. हे जवळ असले की लगेच खातो."

परीक्षकांनी मान हलवली. गर्दीने वाट करून दिली. एवढ्या लोकांसमोर मी कधी चाललो नव्हतो. कॉलेजच्या निरोपसमारंभातही मी आजारी पडलो होतो.

टाकीपाशी पोचलो. खिशात चमचा. आता डाव्या कोपऱ्यावर, दाण्याजवळ, हळूच टक टक केलं की झालं. प्राचार्य येतील, दाणा खातील, पहिला नंबर. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी येईल, बायको खूश होईल, आणि मी माझ्या भिंतीपाशी परत. कुणालाही कधीही कळणार नाही. बायकोकडे पाहिलं. ती भावाकडे नव्हती बघत, माझ्याकडे बघत होती.

मी उजव्या कोपऱ्याकडे गेलो. रिकाम्या. चमचा काढला आणि वाजवला.

टक टक.

प्राचार्य थबकले, वळले, शेपटी पसरली, आणि सबंध सभागृहाने 'अहा' म्हणावं अशा डौलाने उजव्या कोपऱ्यात येऊन, माझ्यासमोर, त्यांनी तोंड उघडलं. दाणा पडायची वाट बघत ते तसेच राहिले. तोंड उघडं. माझ्यावर पूर्ण विश्वास टाकून. आयुष्यात मी कुणाला फसवलं असेल तर त्यांना, आणि ते त्या क्षणी.

"दाणा तिकडे आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटेना. "यांना दिसत नाही. हे मी शिकवलंय. मेहुण्याला ठाऊक नाही. त्याची काही चूक नाही, नियम त्यानेच केलाय. चूक माझी आहे. आणि... आणि आवाळू वाईट नसतं." इथे थांबायला हवं होतं. पण ज्याला बोलायची सवय नाही त्याला थांबायचीही नसते. मी टोपी काढली आणि लोकांकडे पाठ केली. "हे बघा. मलाही आहे. पण माझं मागे आहे. डोळ्यांवर आलं असतं, तर तुम्ही मला पहिला नंबर दिला असता का?"

शांतता पसरली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी एवढी शांतता कधी मिळवू शकलो नव्हतो.

मग परीक्षक माझ्या मागे आले. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवला. "गोलाई उत्तम आहे," ते अगदी मनापासून म्हणाले. "जागाही चांगली."

पहिला कोण हसलं ते मला दिसलं नाही, कारण माझी पाठ होती. पण नंतर सगळेच हसले. विमावाल्यांनी तर टाळ्या वाजवल्या. प्राचार्य बाद झाले. पहिला नंबर गोंडेवाल्या माशाला मिळाला. त्याने दाणा टाकल्याबरोबर गिळला होता.

परत आल्यावर मेहुणा थांबला नाही. टाकी आमच्या घरात ठेवून, पंप सुरू करून निघाला. दारात वळून एवढंच म्हणाला, "भाऊजी, मला आधी सांगायचं होतंत हो."

पुढच्या रविवारी तो आला नाही. बायको दोनदा बाल्कनीत जाऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी दाराची घंटा वाजली. बाहेर मेहुणा, आणि त्याच्यामागे हातात छोटी पेटी घेतलेल्या डॉक्टरीणबाई.

"मासा मी धरणार," मेहुणा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

पसरट भांड्यात पाणी, त्यात भूल म्हणून लवंगेच्या तेलाचे थेंब. प्राचार्य हळूहळू शांत झाले, कलले. मेहुण्याने ओल्या तळव्यात त्यांना असं उचललं की मी तसं कुणी नवजात बाळालाही उचललेलं पाहिलेलं नाही. एरवी बोलताना टेबलावर मुठी आपटणारे ते हात. डॉक्टरीणबाईंची कात्री चिमटीत मावेल एवढी होती. लाल गादीचे बारीक तुकडे पडत गेले. मेहुणा ओठ आवळून बसला होता. पडलेला प्रत्येक तुकडा त्याच्या पहिल्या नंबरातून कापला जात होता. आणि मग एका बाजूला, चमचमता, काळा, गोल असा डोळा बाहेर आला. थोड्या वेळाने दुसरा.

"अरे, काय डोळे आहेत!" मेहुणाच म्हणाला. "मी विसरलोच होतो."

साध्या पाण्यात आल्यावर प्राचार्य सावकाश सरळ झाले. कल्ले हलू लागले. आम्ही सगळे टाकीभोवती वाकलो. मी सर्वांत पुढे, कारण एवढे दिवस यांना भरवलेलं मी. चष्मा लावून, हसऱ्या चेहऱ्याने, काचेला नाक लावून मी म्हणालो, "नमस्कार."

प्राचार्यांनी इतक्या जवळून प्रथमच मला पाहिलं. ते दचकले आणि विजेच्या वेगाने टाकीतल्या पाणवनस्पतीमागे जाऊन लपले.

"दिसायला लागलं हो त्यांना!" बायको म्हणाली आणि हसता हसता खाली बसली. मेहुणाही हसला. प्रदर्शनानंतर प्रथमच. तो इतका हसला की डॉक्टरीणबाईंना त्याच्या हातातलं भांडं काढून घ्यावं लागलं. माझ्या अपमानाने घरात समेट होत असेल तर माझी ना नाही.

चहा घेताना मी भीतभीत पिल्लांचं विचारलं.

"काढीन," मेहुणा म्हणाला. "पण याच्यासारखीच मोठ्या आवाळवाची मादी नाही बघणार. कमी आवाळवाची, उघड्या डोळ्यांची बघीन. नंबर नाही मिळायचे तशा पिल्लांना." त्याने बशीत चहा ओतला, मग परत कपात ओतला. "बघू. काहीतरी नवीनच निघेल. आवाळू असेल आणि दिसेलही, असं काहीतरी."

तो निघून गेल्यावर मी चमचा घेतला. उजव्या कोपऱ्यावर वाजवला, टक टक. वनस्पतीमागून एक काळा डोळा बाहेर आला. आवाज ओळखीचा होता, चेहरा नव्हता. प्राचार्य विचारात पडले. मी दाणा सोडला. सभागृहात त्या कोपऱ्यात पडायचा राहिलेला दाणा तो हाच, असं मी त्यांना मनातल्या मनात सांगितलं. मग चेहऱ्याचा अडसर नको म्हणून टोपी काढली आणि पाठ करून बसलो. मागे पाण्याचा हलकासा आवाज झाला. वळून पाहिलं तेव्हा दाणा नव्हता.

मेहुण्याच्या घरचं काम केव्हाच संपलंय, पण प्राचार्यांना न्यायचा विषय तो काढत नाही आणि आम्हीही काढत नाही. घरात मी आता टोपी घालत नाही. टाकीकडे पाठ करून वाचत बसतो, आणि मधूनच वळलं की दिसतं, प्राचार्य काचेला लागून माझ्या आवाळवाकडे एकटक बघतायत. त्या नजरेत कौतुक आहे असं मला वाटतं.

बायको म्हणते, ती भूक आहे.